थंड समुद्रातली पहिली दोन मिनिटं

मुंबईजवळचा समुद्र वर्षात सर्वांत थंड असतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हाही वरचं पाणी साधारण २४-२५ अंश सेल्सियस असतं. मे महिन्यात तेच तिशीला टेकतं. म्हणजे युरोपातली माणसं ज्याला हिवाळ्यातलं समुद्रस्नान म्हणतात, ते आपल्याकडे करायचं म्हटलं तरी करता येत नाही.

त्यात ठाणे-नवी मुंबईकरांना समुद्र आहे असं म्हणायचीही पंचाईत. आपल्या वाट्याला आली आहे ती खाडी. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून जाताना दोन्ही अंगांना पाहिलंत तर पाणी कमी आणि गाळ जास्त दिसतो. रोहित पक्ष्यांना तो मानवतो. २०२२ मध्ये ठाणे खाडीतलं त्यांचं अभयारण्य जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. माणसाला मात्र तिथे पाय टेकायला जागा नाही. उधाणाच्या दिवशी भरती बघता बघता चढते, आणि सांडपाण्याबद्दल न बोललेलंच बरं. त्यामुळे इथला पोहणारा माणूस म्हणजे तरण तलावातला माणूस. मारोतराव शिंदे तलावावर, कळव्याच्या तलावावर किंवा आपापल्या सोसायटीच्या तलावात सकाळची बॅच गाठणारा. जानेवारीत या बॅचमध्ये ‘यापेक्षा समुद्र बरा’ अशी कुरकुर ऐकू येते, आणि ती खोटी नसते. उघड्या, उथळ तलावाचं पाणी रात्रीच्या हवेबरोबर भराभर निवतं. समुद्रात पाण्याचा साठा एवढा प्रचंड असतो की एका रात्रीच्या थंडीची त्याला दखलही नसते.

मग इथे बसून थंड समुद्राबद्दल लिहायचं कशाला? कारण आमच्या बॅचमधली बरीच मंडळी वर्षातले काही महिने मुलांकडे असतात. कुणी डब्लिनला, कुणी ब्रायटनला, कुणी व्हँकुव्हरला. तिथे डिसेंबरात पांढऱ्या केसांच्या बायका-पुरुष स्विमसूट घालून, डोक्यावर लोकरीची टोपी चढवून गप्पा मारत समुद्रात उतरताना दिसतात. ते पाहून आपल्या माणसाचे हात शिवशिवतात. परवा कपडे बदलताना एक काका सांगत होते, ‘अहो, तरुणपणी मी धरमतर केलंय. डब्लिनच्या पाण्याचं मला काय कौतुक!’ धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे अंतर ३६ किलोमीटरच्या आसपास आहे. ते पोहून आलेल्या माणसाला पोहायला शिकवण्याची कुणाची छाती नाही. पण काकांनी ते अंतर कोमट म्हणावं अशा पाण्यात कापलं होतं. डब्लिनच्या समुद्राचं तापमान हिवाळ्यात ८ ते १० अंशांच्या घरात असतं. या दोन पाण्यांत नुसता कमी-जास्त थंडीचा फरक नाही. दुसऱ्या पाण्यात शरीर वेगळंच वागतं, आणि पोहण्याचं कसब तिथे पहिली दोन मिनिटं जवळजवळ निकामी असतं. हा सगळा लेख त्या दोन मिनिटांसाठी आणि बाहेर आल्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी आहे. मधल्या वेळात त्या मानाने कमी घडतं.

आधी पाणी आणि हवा यांच्यातला फरक. २० अंशांच्या हवेत आपण शर्ट घालून आरामात बसतो. २० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटांत कुडकुडायला लागतो. पाण्यातून उष्णता हवेच्या जवळपास २५ पट सहज वाहते. शिवाय पाणी अंगाला सगळीकडून चिकटून असतं आणि आपण हातपाय मारतो तेव्हा त्वचेलगत जरा कोमट झालेला थर सतत धुऊन निघतो. स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाला थंडीही वाजू नये आणि उकडूही नये असं पाणी ३३ ते ३५ अंशांचं असावं लागतं. त्याखालचं कोणतंही पाणी थोडी थोडी उष्णता काढूनच घेत असतं. म्हणून तासन्‌तास पोहणारे आपल्या २५ अंशांच्या पाण्यातही शेवटी काकडतात.

आता ती दोन मिनिटं. अंगावर अचानक थंड पाणी आलं की त्वचेतले थंडी ओळखणारे मज्जातंतू एकदम मेंदूकडे आरडाओरडा करतात. माणूस ‘हाः’ करून मोठा श्वास आत ओढतो. हे तो ठरवून करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. या एका श्वासात दोन-तीन लिटर हवा आत जाऊ शकते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी जातं. यानंतर धाप लागते. श्वास उथळ आणि भराभर होतो. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्या माणसाला थंड पाण्यात तो दहा सेकंदही रोखता येत नाही. क्रॉलमध्ये हात आणि श्वास यांचा जो मेळ आपण वर्षानुवर्षं घोटून बसवलेला असतो, तोच नेमका तुटतो. वेगाने श्वास सोडल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्यातून घाबरगुंडी उडते.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी या प्रतिक्रियेचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. तिचा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जास्त असतो आणि एक ते तीन मिनिटांत ती ओसरते. पाणी २५ अंशांखाली गेलं की तिची सुरुवात होते आणि १५ ते १० अंशांच्या दरम्यान ती पूर्ण भरात असते. ब्रिटनमध्ये समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था लोकांना एकच गोष्ट घोकायला लावते: अचानक थंड पाण्यात पडलात तर पोहू नका, पाठीवर तरंगा. कान पाण्यात, तोंड वर, हातपाय सैल. मिनिट-दीड मिनिटात श्वास ताळ्यावर येतो, मग काय ते ठरवा. हे वाचायला सोपं आहे. चांगल्या पोहणाऱ्याला ते जड जातं, कारण संकटात त्याचे हात आपोआप चालायला लागतात. पाठीवर निवांत तरंगणं ही आपल्या बॅचमधल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी सोडून दिलेली गोष्ट आहे. परदेशी जायच्या आधी ती तलावात पुन्हा बसवून घ्यावी.

त्याच दोन मिनिटांत हृदयाचं काय होतं, ही साठीनंतरची खरी काळजी. थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे रक्ताला वाहायला जागा कमी उरते. त्याच वेळी ठोके वाढतात. रक्तदाब झपकन चढतो. तरुण, लवचीक रक्तवाहिन्या हा दाब पचवतात. वयाबरोबर ताठरलेल्या वाहिन्यांना ते तितकं जमत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडथळा असेल तर हृदयाचं काम वाढलेलं आणि पुरवठा अपुरा, अशी अवस्था होते. आणि असा अडथळा पुष्कळांना असतो पण माहीत नसतो. चालताना कधी छातीत दुखलं नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं होत नाही.

याहून नाजूक प्रकार डुबकीचा आहे. चेहरा थंड पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला की शरीरातली एक जुनी यंत्रणा जागी होते. सील आणि देवमासे खोल बुडी मारतात ते तिच्याच जोरावर. ती हृदयाला सांगते, ‘हळू.’ इकडे त्वचेला बसलेला थंडीचा धक्का सांगत असतो, ‘जोरात.’ एकाच वेळी दोन परस्परविरोधी हुकूम सुटले की ठोक्यांची लय बिघडू शकते. टिप्टन आणि मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये ही ओढाताण सविस्तर मांडली. निरोगी माणसात लय बहुतेकदा आपोआप सावरते. हृदय आधीच आजारी असेल किंवा लयीवर परिणाम करणारी औषधं चालू असतील, तर ती जिवावर बेतू शकते. बुडून मेला असं ज्याच्याबद्दल लिहिलं जातं, त्याचं हृदय कधी कधी आधीच थांबलेलं असतं, आणि पाण्याबाहेर काढल्यावर त्याचा मागमूस उरत नाही.

ही गोष्ट फक्त परदेशाला लागू आहे असं समजू नका. हरिद्वारला किंवा थेट गंगोत्रीला यात्रेला गेलेली आपली ज्येष्ठ मंडळी हेच करतात. पहाटे, उपाशीपोटी, साखळी धरून, श्वास रोखून डोक्यासकट तीन डुबक्या. शरीराच्या दृष्टीने यापेक्षा वाईट क्रम शोधून सापडणार नाही. घरोघरच्या आज्यांनी सांगितलेली रीत बरी होती: पहिला तांब्या पायावर, मग हातावर, मग खांद्यावर, डोकं शेवटी. डॉक्टर हेच सांगतील. माघस्नान करणाऱ्यांची श्रद्धा मला मोडायची नाही, पण तांब्याने केलेलं स्नानही गंगेला चालतं.

दोन-तीन मिनिटं निभावली, श्वास बसला, की एक फसवी वेळ येते. गार वाटेनासं होतं. अंग बधिर झालेलं असतं आणि मनाला हुशारी येते. याच वेळात हातपाय हळूहळू निकामी होत असतात. त्वचा आणि त्याखालचे स्नायू थंड पडले की मज्जातंतूंतून संदेश सावकाश जातात, पकड सुटते, बोटं एकमेकांपासून फाकतात. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी लोकांच्या लक्षात राहावं म्हणून १-१०-१ असा हिशेब मांडला आहे. जवळजवळ बर्फाइतक्या थंड पाण्यात श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे माणूस गारठून बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात चालेनासे होतात, आणि किनारा वीस हातांवर असताना तो बुडतो. पोहणारे स्वतःची एक सोपी परीक्षा घेतात: अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवायचा. टेकत नसेल तर पोहणं संपलं. खरं तर टेकायला त्रास होतोय असं वाटलं तेव्हाच ते संपलं होतं.

सगळे ज्याला घाबरतात ती गोष्ट, म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली जाणं, यानंतर येते. ८-१० अंशांच्या पाण्यात निरोगी प्रौढालाही तिथवर पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. ज्येष्ठांचा हिशेब मात्र वेगळा. वयाबरोबर स्नायू कमी होतात, आणि उष्णता तयार करणारा कारखाना स्नायूंचाच असतो. हुडहुडी उशिरा भरते आणि कमी भरते. त्वचेतल्या वाहिन्या आकसून उष्णता आत राखतात, तेही तितकंसं जमत नाही. आणि सर्वांत गैरसोयीची गोष्ट म्हणजे थंडीची जाणीवच बोथट होते. ‘मला काही वाजत नाही हो’ हे सत्तरीतल्या माणसाचं म्हणणं खरं असतं, पण त्यावर विसंबून चालत नाही. बरोबरच्या माणसाने बघायचं: बोलणं जड येतंय का, उत्तर द्यायला वेळ लागतोय का, विनाकारण चिडचिड होते आहे का, पाऊल वाकडंतिकडं पडतंय का. हुडहुडी भरलेली असताना अचानक थांबली आणि माणूस शांत झाला, तर बरं वाटतंय असं समजू नये. ती तातडीची वेळ आहे.

आता बाहेर येऊ. पाण्यात उभं असताना पाण्याचा दाब पायांना सगळीकडून आवळून धरतो आणि तिथलं रक्त वर छातीकडे ढकलतो. छातीत जास्त रक्त आलं की शरीराला वाटतं पाणी फार झालंय, आणि मूत्रपिंडं ते काढायच्या मागे लागतात. थंड पाण्यात उतरल्यावर लघवीला लागते ती यामुळे. पाण्यातून वर आलं की पायांवरचा दाब एकाएकी सुटतो, रक्त खाली उतरतं, आधीच थोडं पाणी लघवीवाटे जाणार असतं किंवा गेलेलं असतं, आणि रक्तदाब पडतो. प्रोस्टेटची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या गृहस्थांना अंथरुणातून झटकन उठल्यावर जशी भोवळ येते तशीच इथे येते, फक्त खाली गादी नसते, शेवाळलेला दगड असतो. म्हणून कमरेएवढ्या, मग गुडघ्याएवढ्या पाण्यात थोडं थांबत, कुणाचा तरी हात धरून बाहेर यावं.

बाहेर आल्यावर ‘हुश्श, झालं’ असं वाटतं. झालेलं नसतं. गॅस बंद केला तरी जाड बुडाच्या कढईतली भाजी काही वेळ करपत राहते, तसं पाण्याबाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान आणखी काही वेळ, कधी कधी वीस-तीस मिनिटं, उतरत राहतं. बाहेरचे थर आतल्यापेक्षा थंड असतात, त्यामुळे उष्णता आतून बाहेर जायची थांबत नाही. हातापायांतलं गार रक्त पुन्हा छातीकडे फिरायला लागतं, त्याचीही भर पडते. म्हणूनच माणूस पाण्यात ठणठणीत असतो आणि गाडीत बसल्यावर थडथडायला लागतो. पाण्यातून निघायची वेळ ठरवताना हा पुढचा अर्धा तास हिशेबात धरायला हवा. छान वाटत असतानाच निघायचं.

कपड्यांचा भाग किरकोळ वाटतो, पण सगळी गोची तिथेच होते. ओलं झटपट काढून, टिपून, दहा मिनिटांत कोरडे कपडे अंगावर हवेत. आणि नेमक्या याच वेळी बोटं कामातून गेलेली असतात. पायजम्याची नाडी ओली झाली की गाठ सुटता सुटत नाही हे आपल्याला घरीच माहीत आहे. आता तीच गाठ जाणीव नसलेल्या बोटांनी, वाऱ्यात उभं राहून सोडायची कल्पना करा. शर्टाची बटणं, ब्लाउजचे हूक, बुटांच्या लेस, बारीक चेन, यातलं काहीही नको. इलॅस्टिकची सैल पँट, डोक्यातून घालायचा लोकरी स्वेटर, पाय सरकवता येतील अशा चपला किंवा बूट, आणि माकडटोपी. माकडटोपीला परदेशात नावं ठेवणाऱ्या सुनांकडे या एका प्रसंगी साफ दुर्लक्ष करावं. कपडे ज्या क्रमाने घालायचे त्याच्या उलट क्रमाने आधीच रचून ठेवावेत, म्हणजे सर्वांत वर बनियन.

लगेच गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहू नये. गरम पाण्याने त्वचेतल्या वाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब पडतो आणि माणूस बाथरूममध्ये कोसळतो. शिवाय बधिर त्वचेला पाणी किती कडक आहे हे कळत नाही, पोळतं. कपडे, टोपी, आडोसा, थर्मासमधला गोड चहा. चहाने आतलं तापमान फारसं वाढत नाही, पण साखर हुडहुडीला इंधन पुरवते आणि हातात गरम कप असला की जिवाला बरं वाटतं. अर्धा कपच भरावा, कारण हात थरथरत असतात. दारू मात्र नको, आधीही नको आणि नंतरही नको. तिने ऊब वाटते ती त्वचेतल्या वाहिन्या उघडल्यामुळे, म्हणजे उष्णता बाहेर सोडून. आणि स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही.

फुफ्फुसांबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. थंडी आणि पाण्याचा दाब यांनी छातीत जमलेलं जास्तीचं रक्त कधी कधी फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्यांवर इतका ताण आणतं की त्यांतून द्रव पाझरून हवेच्या पिशव्यांत उतरतो. तोंडावाटे घोटभरही पाणी गेलेलं नसताना फुफ्फुसं पाण्याने भरायला लागतात. वय जास्त, रक्तदाबाचा त्रास आणि पाणी थंड, या तिन्ही गोष्टी धोका वाढवतात, आणि स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. पोहताना श्रमाच्या मानाने फार दम लागला, खोकला सुटला, छातीत घुरघुर झाली किंवा गुलाबी फेस आला तर तिथेच थांबून बाहेर यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. ‘पाणी गेलं असेल नाकातोंडात’ म्हणून सोडून देऊ नये.

मग ती पांढऱ्या केसांची मंडळी हे सगळं कसं निभावतात? सवयीने. थंडीच्या धक्क्याची प्रतिक्रिया शरीर विसरू शकतं, आणि आश्चर्य वाटेल इतक्या लवकर. काही मिनिटांच्या पाच-सहा डुंबण्यांत तिचा जोर निम्म्यावर येतो आणि हा परिणाम काही महिने टिकतो. पण त्या बाया डिसेंबरात पहिल्यांदा उतरलेल्या नसतात. इंग्लंडचा समुद्र ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत कोमट, १७-१८ अंशांपर्यंत असतो. त्या तेव्हापासून दर आठवड्याला उतरत असतात. पाणी जसजसं निवत जातं तसतसं त्यांचं शरीरही तयार होतं. सर्वांत थंड पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, हेही आपल्या लक्षात येत नाही, कारण समुद्र हवेच्या मागून महिना-दोन महिन्यांनी चालतो. नाताळला विमानातून उतरून चौथ्या दिवशी पाण्यात शिरणाऱ्या ठाणेकराला यातली कुठलीच तयारी मिळालेली नसते. माझं स्पष्ट मत असं आहे की सुरुवात करायची असेल तर ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी करावी. डिसेंबरात जाणाऱ्यांनी किनाऱ्यावर थर्मास धरायचं काम घ्यावं. ज्याला पाय ओले केल्याशिवाय राहवतच नाही, त्याने पोटऱ्यांपर्यंत उतरून यावं.

ठाण्यात रोज गार पाण्याने आंघोळ करून तयारी होईल का, असं काकांनी विचारलं होतं. थोडी होईल. पण जानेवारीतसुद्धा गच्चीवरच्या टाकीतलं आपलं पाणी तिथल्या समुद्राच्या निम्म्यानेही थंड नसतं, आणि बादलीत सगळं अंग एकदम बुडत नाही. श्वास न रोखता, सावकाश सोडत पाणी घ्यायची सवय तेवढी लावून घेता येते. तीही कामाची आहे.

फायद्यांबद्दल सध्या बरंच बोललं जातं. नियमित उतरणारे सांगतात की मन प्रसन्न होतं, झोप लागते, उदासी जाते. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. धक्क्याच्या वेळी शरीरात ॲड्रेनलिनसारखी रसायनं उसळतात, त्यामुळे तरतरी येणारच. पण प्रतिकारशक्ती वाढते, सांधेदुखी पळते, चरबी वितळते, हे दावे करणारे बहुतेक अभ्यास थोड्या लोकांवर झालेले आहेत, आणि हिवाळ्यात समुद्रात उतरणारा माणूस मुळातच धडधाकट, हौशी आणि मित्रमंडळीतला असतो. तब्येत पाण्याने सुधारली की मंडळींमुळे, हे वेगळं करणं कठीण जातं. लंडनच्या सर्पंटाइन तळ्यावरचा पोहण्याचा क्लब १८६४ सालचा आहे आणि नाताळच्या सकाळची त्यांची शर्यत आजही होते. माझा अंदाज, त्यांना खेचून आणणारी गोष्ट थंडीपेक्षा नंतरच्या गप्पा असाव्यात. आपल्या बॅचमध्ये तरी पोहणं चाळीस मिनिटं आणि चहा तासभर असतो.

वय आड येत नाही याचंही उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेचे हृदयशल्यचिकित्सक ओट्टो थेनिंग २०१४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेले, आणि ती खाडी नियमाप्रमाणे पोहायची म्हणजे वेटसूटशिवाय, अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखाशिवाय. आपल्याकडच्या मिहिर सेन यांनी ती १९५८ मध्ये पार केली, आरती साहा यांनी १९५९ मध्ये. पण ही सगळी मंडळी वर्षातल्या सर्वांत कोमट पाण्यात, वर्षाच्या तयारीनंतर, बरोबर बोट घेऊन उतरलेली होती. आपल्याला कुठलाही नियम बांधलेला नाही. जाड निओप्रिनचा वेटसूट धक्का बराच बोथट करतो. तो घालावा, हातमोजे-पायमोजेही घालावेत, आणि कुणी हौशी पठ्ठ्या त्याला फसवणूक म्हणालाच तर हसून सोडून द्यावं. ‘जितके अंश तितकी मिनिटं’ असा हिशेबही तिकडे ऐकायला मिळतो. आठ अंशांत आठ मिनिटं, वगैरे. ज्येष्ठांनी तो मानू नये. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं पुरेशी.

आणि हे सगळं तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारून. नुसतं ‘पोहलो तर चालेल का’ असं विचारलंत तर ते ‘हो, उत्तम व्यायाम’ म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ठाण्यातला तलाव असतो. पाणी दहा अंशांचं आहे हे सांगा. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवा. हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकरची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, झोपेची गोळी, इन्सुलिन, यांतलं प्रत्येक औषध थंड पाण्यात वेगळं वागतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पोहणं आणि हुडहुडी यांमुळे उतरू शकते, आणि साखर उतरल्याची थरथर थंडीच्या थरथरीत लपून जाते. अँजिओप्लास्टी झाली असेल, ठोके अनियमित असतील, दमा असेल, थंडीत बोटं पांढरी पडत असतील, किंवा पूर्वी कधी कारण न कळता चक्कर आली असेल, तर ते आवर्जून सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनाने मागेपुढे करू नका.

तिथे गेल्यावर रोज उतरणाऱ्या स्थानिक मंडळींच्या बरोबरच उतरावं. भरती-ओहोटी, लाटा आणि ओढ त्यांना पाठ असते. ब्रायटनला तर किनारा गोट्यांचा आहे, लाट परतताना पायाखालचे गोटे सरकतात आणि गुडघे बदललेला माणूस आडवा होतो. हिवाळ्यात बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. त्यामुळे घरातलं एक माणूस कोरड्या कपड्यांत किनाऱ्यावर उभं हवं, त्याच्या हातात चार्ज केलेला फोन हवा, आणि ब्रिटन-आयर्लंडमध्ये ९९९ किंवा ११२ लावून पहिल्यांदा कोस्टगार्ड मागायचं असतं हे त्याला माहीत हवं.